नाकपुडीतून दिसलेलं स्टेज

ये वं प्राची, इथं जवळ बस. तिकडं उंबऱ्यावर बसलीस तर मला अर्धं ऐकू येत नाही अन् तुला अर्धं समजत नाही. तो मोबाईल पालथा ठेव. मागच्या वेळी आलीस तेव्हा काय म्हणालीस, आठवते? "आजी, तुझं नाव टाकून पाहिलं, काहीच येत नाही. तू खरंच नाचत होतीस का?" अन् तेही चिवडा चावता चावता. ज्या गुडघ्यांनी सोळा वर्षं स्टेजच्या फळ्या तुडवल्या ते तुझ्या शेजारीच होते, त्यांना तरी विचारायचं होतंस.  आता या दिवाळी अंकवाल्यांनी कामाच्या आठवणी लिहा म्हणून सांगितलं आहे, तर तुला सांगते तशीच लिहिते. बाकीच्या वाचणाऱ्यांनी तुझ्या मागं बसून ऐकावं.

आधी बॅलेचं सांगते. त्या दिवशी तू मला पांढऱ्या झग्यातल्या, पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहणाऱ्या गोऱ्या पोरी दाखवल्यास. छानच नाचत होत्या, मी नाही म्हणत नाही. पण नागपुरात आम्ही ज्याला बॅले म्हणायचो तो वेगळा. आमचा बॅले म्हणजे न बोलता सांगितलेली गोष्ट. पडद्यामागं गाणारे-वाजवणारे बसायचे अन् पुढं आम्ही. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. जे काय सांगायचं ते हातानं, मानेनं, पाठीनं. पाय उघडे. फळ्या मांडवाच्या, घाईनं ठोकलेल्या, त्यातून खिळा कुठं वर आला आहे हे पायाला आधी कळायचं अन् मग डोक्याला. गणपतीपासून आमचा हंगाम सुरू व्हायचा तो थेट एप्रिलच्या जयंतीपर्यंत. कोळसा खाणींच्या वसाहती, कारखान्यांची मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, कुठंकुठं नाही गेलो.

पार्टी रेणूबाईंची. बाई बारीक, उंच, आवाज मात्र हवालदारासारखा. मोठ्या शहरात नाच शिकून परत आल्या होत्या अन् धंतोलीत घराच्या मागच्या पडवीत वर्ग घ्यायच्या. मी त्यांच्या वर्गात कशी गेले? शाळेत कवायतीला मी पहिल्या रांगेत असायची अन् बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. त्यांनी माझे पाय पाहिले. तोंडाकडं पाहिलंसुद्धा नसेल. पुढं माझं सगळं आयुष्य तसंच चालणार होतं, पण ते मला तेव्हा काय माहीत.

आम्ही इंदोऱ्यात राहायचो. तुझे पणजोबा, म्हणजे माझे बाबा नागोराव, रेल्वेच्या कारखान्यात सुतारखात्यात होते. कमी बोलणारा माणूस. लाकडाशी जास्त बोलायचा. रेणूबाई घरी आल्या तेव्हा बाबांनी घरातली एकुलती एक खुर्ची त्यांना दिली अन् स्वतः उभे राहिले. बाईंनी सरळ विचारलं, पोरगी माझ्या बॅलेत द्या.

बाबा मग म्हणाले, "बाई, आमी छप्पन सालात दीक्षा घेतली अन् लय काही सोडलं. दुसऱ्याच्या दारी वाजवणं सोडलं, नाचणं सोडलं. माह्या बापाच्या गळ्यातला ढोल मी माह्या हातानं उतरवला. आता माह्या पोरीनं स्टेजवर नाचाचं अन् लोकायनं शिट्ट्या वाजवाच्या, त्याच्यासाठी सोडलं का?"

हे ऐकून मी दाराआड रडायला लागले. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. पण मी हरिणराजाची गोष्ट बसवते आहे. पोटुशी हरिणी वाचावी म्हणून जो स्वतःची मान पुढं करतो, तो. तुम्ही ऐकली असेल."

"विहारात ऐकली," बाबा म्हणाले.

"मला राजा पाहिजे. माझ्याकडं जे पोरं आहेत ते चांगले नाचतात, पण त्यांच्या पायात हरिण नाही. तुमच्या पोरीच्या पायात आहे."

बाबांनी माझ्या पायांकडं पाहिलं, जसं काही ते शेजाऱ्याकडून आणले होते. मग दोन अटी घातल्या. "तोंड दिसलं नाही पाह्यजे. नाव छापलं नाही पाह्यजे."

"कबूल," बाई म्हणाल्या. "हरिणाला कोण नाव ठेवतं?"

आई आतून म्हणाली, "अन् पाहाले तुमी जासान का?"

"मी काहून जाऊ?" बाबा म्हणाले अन् कारखान्यात निघून गेले.

तर प्राची, माझं नाव का येत नाही त्याचं उत्तर हे आहे. मला नाचायला मिळालं याचा आनंद इतका होता की तोंड गेलं तरी चालेल असं वाटलं. पण तोंड झाकल्यावर एक इच्छा मनात धरून बसली. बाबांनी एकदा समोर बसून पाहावं. हरिणाला नाही, मला. बस, एवढंच. त्याला किती वर्षं लागली ते सांगते.

मुखवटा बाईंनी गणपती घडवणाऱ्या एका मूर्तिकाराकडून करवून घेतला. कागदाचा लगदा, त्यात मेथीचे दाणे वाटून घातलेले, किडा लागू नये म्हणून. दिसायला असा देखणा की काय सांगू. मोठे काळेभोर डोळे, लांब तोंड, शिंगं वळणाची. पण हरिणाचं तोंड असतं लांब. माझं डोकं त्याच्या गालात बसायचं अन् त्याचे डोळे यायचे माझ्या कपाळावर, तेही रंगवलेले. मला दिसायचं ते फक्त नाकपुड्यांतून. दोन भोकं, बोराएवढी. त्यातून हातभर फळी अन् स्वतःच्या पायाचे अंगठे. सगळा नाच मोजणीवर. उजवीकडं अकरा पावलं, गिरकी, मागं सात. लोक म्हणायचे, हरिण कसं वाऱ्यासारखं पळते. ते हरिण आतमध्ये पाढे म्हणत होतं. अन् वास मेथीचा. घामानं मुखवटा ओला झाला की आत मेथीची भाजी शिजायला टाकल्यासारखं. लग्न झाल्यावर सासूबाईंनी पहिल्या दिवशी मेथीच वाढली, मी घास हातात घेऊन मनात अकरापर्यंत मोजलं.

आमचे व्यवस्थापक होते गुलाबराव. पेटी वाजवायचे अन् कार्यक्रमही तेच ठरवायचे. तुम्ही आता जगाला दाखवायला फोटो टाकता ना, तसं गुलाबरावांचं सगळं एका अल्बमात होतं. काळ्या जाड पानांचा, मध्ये बटर पेपर. तो काखेत मारून गावोगाव जायचे अन् मंडळाच्या माणसांपुढं एकेक पान उलटवायचे. त्यात पहिलंच पान हरिणाचं. हँडबिलावर सगळ्यांची नावं असायची. पारधी अमुक, राणी तमुक अन् हरिणराजापुढं नुसती रेघ. पहिल्या हंगामात ती रेघ माझ्या छातीवर ओढल्यासारखी वाटायची. पण लोकांनी त्या रेघेचंच वेड घेतलं. हरिणात कोण आहे? कोणी म्हणे गोंदियाचा पोरगा आहे. कोणी म्हणे बाई स्वतःच आहे. गुलाबरावांनी लगेच पुढच्या हँडबिलावर मोठ्या अक्षरात टाकलं, "हरिण कोण?" मी म्हटलं, "गुलाबकाका, हे काय?" तर म्हणाले, "चूप वं. तुह्या नावापेक्षा तुही रेघ जास्त चालून राहिली."

कळमेश्वरला एकदा कार्यक्रमाआधी मी साध्या साडीत हापशीवर पाणी पीत होते. मंडळाच्या अध्यक्षांची बायको शेजारी घागर लावून उभी होती. मला म्हणाली, "त्या हरिणातला पोरगा आमच्या नणंदेच्या नात्यातला हाय." मी म्हटलं, "असं का?" ती म्हणाली, "मंग. लहानपणापासूनच उड्या मारे. दोनदा हात मोडला." मी त्या पोराच्या हाताची चौकशी करून आले.

बाबांच्या कारखान्यातही हीच चर्चा. सोबतचे लोक जेवणाच्या सुट्टीत हरिणावर पैजा लावायचे अन् बाबांना विचारायचे. बाबा म्हणायचे, "मले काय माहीत?" घरी येऊन मात्र आईला सांगताना हसायचे. मला पाहिलं की हसू आत.

आता उमरेडची गोष्ट, कारण तिथूनच फिरलं सगळं.

उमरेडकडं एका खाणीच्या वसाहतीत गणपतीचा कार्यक्रम होता. गुलाबराव प्रत्येक मंडळाला पत्र लिहायचे. स्टेज तीस फूट रुंद, वीस फूट खोल. या मंडळानं पत्र नीट वाचलं, आकडे बरोबर घेतले अन् स्टेज आडवं बांधायचं ते उभं बांधलं. वीस रुंद अन् तीस खोल. आम्ही एसटी उशिरा पोचल्यामुळं थेट रंगायला बसलो. पारध्याचं काम करणारा मधू स्टेज पाहून आला होता, तो नुसतं म्हणाला, "मोठं हाय." मोठं तर होतंच.

पळण्याचा प्रसंग आला. पारधी मागं, हरिण पुढं. उजवीकडं अकरा पावलं. माझी आठच झाली अन् नवव्याला खाली फळी नव्हती. मी खाली गेले ती थेट स्टेजच्या बाजूला पाहुण्यांसाठी मांडलेल्या सोफ्यावर, वसाहतीच्या मोठ्या साहेबांच्या बायकोच्या शेजारी. गुडघा सोफ्याच्या लाकडी हातावर आपटला. डोळ्यापुढं काजवे अन् नाकपुडीतून दिसताहेत त्या साहेबीणबाईच्या मांडीवरचे फुटाणे. माणूस म्हणून मी ओरडायला पाहिजे होतं. पण बॅलेत बोलायचं नाही, हे इतकं हाडात गेलेलं की मी हरिणासारखी नुसती मान हलवली. ती बाई म्हणाली, "बिचारं भेलं वो," अन् तिनं चार फुटाणे माझ्या मुखवट्याच्या तोंडापुढं धरले.

मागं गाणाऱ्यांना काय झालं ते कळेना, ते तीच ओळ परतपरत म्हणत राहिले. मधूला सगळं दिसत होतं, त्याला मुखवटा नव्हता. तो धनुष्यासकट खाली उडी मारून आला अन् ओठ न हलवता म्हणायला लागला, "डावीकडं वं शांते, डावीकडं. समोर सतरंजी हाय, लेकरं हायत. आता उजवीकडं." अशी मी सगळ्या मांडवातून पळाले. लेकरं शिंगांना हात लावताहेत, कोणी शेपटी ओढते, एक म्हातारा म्हणतो, "जाऊ दे रे, जाऊ दे त्याले, पारधी येऊन राहिला मागं." पायऱ्या चढून वर गेले तेव्हा टाळ्या थांबेनात. त्यानंतर सगळी मंडळं विचारायची, हरिण खाली येते ना? तीन वर्षं आम्ही ती चूक इमानदारीनं केली.

पण गुडघा फुटला तो फुटलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात लंगडत होते. बाबा दातण करत बसले होते. "काय झालं?"

"पडले."

"काहून?"

"दिसत नाही बाबा. नाकातून पाहावं लागते."

बाबांनी चूळ भरली, उठले अन् फडक्यातून मुखवटा काढला. मी नाचायला लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तो हातात घेतला होता. उलटा केला, आत बोट फिरवलं, वास घेतला. अन् मग, प्राची, माझ्या बापानं तो स्वतःच्या डोक्यावर घातला. खाली धोतर, बंडी अन् वर हरिण. दोन पावलं नीट चालले, तिसऱ्याला रांजणावर आदळले. शेजारची भागाबाई कुंपणावरून पाहत होती. "नागोराव, हे काय करून राहिले वो?"

हरिणातून आवाज आला, "पाहून राहिलो."

"काय दिसते?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. आवाज बदललेला होता. त्यांनी मुखवटा काढला तेव्हा कपाळावर टेंगूळ आलं होतं. माझ्याकडं पाहून म्हणाले, "अशी नाचते तू? तीन वर्षांपासून?"

मी म्हटलं, "हो."

बाबा त्या रविवारी पटाशी अन् कानस घेऊन बसले. हरिणाचे रंगवलेले डोळे खरवडले अन् दोन बोटं खाली, बरोबर माझ्या डोळ्यांच्या जागी नवे कोरले. आरपार. मी विचारलं, बाबा, डोळे दिसतील माझे. तर म्हणाले, "दिसले पाह्यजे. नाही तं पडशीन." बाईंनी मुखवटा पाहिला अन् म्हणाल्या, "आता हरिण बघायला लागलं."

दोन वर्षांनी एप्रिलातल्या कार्यक्रमात माझा श्वास कोंडला अन् मी पडद्यामागं बसून ओकले. बाबांना आईनं सांगितलं. रविवारी बाबा करवत घेऊन बसले. हरिणाचं लांब तोंड गेलं, नुसतं नाकाचं टोक ठेवलं, खाली माझे ओठ अन् हनुवटी उघडी. मी म्हटलं, "बाबा, अर्धं तोंड दिसते." ते म्हणाले, "हवा येते का?" मी म्हटलं, "येते." "मंग झालं."

असं करतकरत, किती हंगाम गेले मला आता नीट सांगता येत नाही. दरवेळी काही कारण. कान जड आहेत, नाकाला घाम येते, गालाला रंग लागते. बाबा कधी अट सोडली असं म्हणाले नाहीत.  फक्त हरिण कमी होत गेलं. शेवटी एका रविवारी त्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची शिंगं केली, दोन कान केले, एका पट्टीवर बसवले अन् माझ्या हाती दिले. मुखवटा कुठंच नव्हता. मी पट्टी हातात घेऊन उभी.

"वजन कमी केलं," बाबा म्हणाले.

मी ते फडक्यात बांधून बाईंकडं नेलं. बाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "नागोराव काय म्हणाले?"

"वजन कमी केलं म्हणाले."

बाईंनी पदर डोळ्याला लावला अन् लगेच हवालदाराच्या आवाजात ओरडल्या, "गुलाबराव, हँडबिल थांबवा." नावाचं काय करायचं हे विचारायला गुलाबराव स्वतः आमच्या घरी आले. बाबा रंधा मारत होते, वर न पाहता म्हणाले, "मले काय विचारता? माह्याकडं छापखाना हाय का?" तेव्हा हरिणराजापुढं पहिल्यांदा आलं, शांता नागोराव.

तो कार्यक्रम इंदोऱ्यातच, जयंतीचा. मांडव घरापासून शंभर पावलांवर. बाबा येणार का हे विचारायची माझी हिंमत नव्हती.  तोंडाला रंग लावायची सवयच नव्हती ना, भुवया एक वर एक खाली झाल्या. पडदा वर गेला. अन् पहिल्यांदा मला सगळं स्टेज दिसलं, सगळे लोक दिसले. तिसऱ्या रांगेत बाबा. कारखान्याचा इस्त्रीचा सदरा, हात गुडघ्यांवर. मी मोजणी विसरले. अकरा की सात की नऊ, काही आठवेना. मग डोळ्यांनी पाहून नाचले, जसं सगळं जग नाचते.

तुला वाटत असेल, आता टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. झालं असं की पुढं बसलेली लेकरं ओरडायला लागली, "हरिण कुठं हाय? हे तं बाई हाय." एक बाई म्हणाली, "अवं ही तं नागोरावची शांती." वर्षानुवर्षं ज्या हरिणावर पैजा लागल्या ते त्यांच्याच गल्लीतून दूध आणायला जाणारं निघालं. अर्ध्या लोकांचा हिरमोड झाला. गोंदियाचा पोरगा त्यांना जास्त आवडला असता.

घरी आले. बाबा ओसरीवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "डावा कान ढिला होता."

मी म्हटलं, "हो, हलत होता."

"मी पाहून राहिलो होतो. सारा वेळ तुह्याकडंच पाहत होतो," बाबा म्हणाले. "आण इकडं. खिळा मारतो."

उघड्या तोंडानं मी चारच हंगाम नाचले. मग घरोघरी टीव्ही आले, मंडळं ऑर्केस्ट्रा बोलवायला लागली, व्हिडिओ लावायला लागली. माझा उमरेडचा गुडघाही कुरकुरायला लागला. बाईंनी पडवीत पुन्हा नुसते वर्ग सुरू केले. मी शाळेत कवायत शिकवायला लागले. मन लागलं तिथंही. पण एक खंत आहे. गुलाबरावांनी अल्बमासाठी नवा फोटो कधी काढलाच नाही. म्हणायचे, हँडबिलावर छापायचा फोटोचा ब्लॉक जुन्या हरिणाचा बनला आहे, लोक तेच ओळखतात. त्यामुळं माझ्या उघड्या तोंडाचा नाचतानाचा एकही फोटो नाही. जे आहेत त्यात कागदाचं हरिण आहे अन् खाली दोन पाय. पाय माझेच आहेत, पण ते तुझ्या मोबाईलला कसे ओळखू येणार?

नाव मात्र एका जागी आहे. बाबा गेल्यावर त्यांची अवजारांची पेटी माझ्याकडं आली. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला माझ्या नावाचं ते हँडबिल चिकटवलेलं. कामावर रोज पेटी उघडायचे तेव्हा त्यांना ते दिसत असणार. सोबतच्यांनाही दिसत असणार. कोणाकोणाला दाखवलं, काय सांगितलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची रीतच कमी.

तर पुढच्या वेळी नाव टाकून पाहू नकोस, पेटी उघडून पाहा. बाबांनी केलेल्या शिंगांच्या पट्टीचा डावा कान पुन्हा ढिला झाला आहे, माझ्या हाताला खिळा सापडत नाही अन् डोळ्याला भोक. तुझी बोटं बारीक आहेत. चिवडा केलेला आहे, मेथीची भाजी करणार नाही. ये लवकर.